तुम्ही विचारलंत म्हणून: सॉफ्टवेअर की एम्बेडेड?

पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं हा प्रश्न विचारतात, नोकरीला लागून दोन-चार वर्षं झालेले विचारतात, हल्ली तर त्यांचे आईवडीलही विचारतात: सॉफ्टवेअरला जावं की एम्बेडेडला? एम्बेडेड म्हणजे उपकरणाच्या पोटातल्या छोट्या चिपसाठी कोड लिहिणं; त्या कोडला फर्मवेअर म्हणतात. माझी बहुतेक नोकरी फर्मवेअर लिहिण्यात गेली, मध्ये काही वर्षं सर्व्हरच्या बाजूलाही काढली. पगार, मागणी, भविष्य यांवर मी काहीतरी ठाम बोलेन अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. मी मात्र त्यालाच उलट विचारतो: काय बिघडलेलं असेल तर ते घेऊन तुला तासन् तास बसवेल?

कारण चालणाऱ्या गोष्टीचा आनंद दोन्हीकडे सारखाच. पहिलं वेबपेज उघडलं काय नि पहिला एलईडी लुकलुकला काय. नोकरीतला वेळ जातो तो न चालणाऱ्या गोष्टींपाशी, आणि न चालण्याची तऱ्हा दोन्हीकडे अगदी वेगळी आहे.

सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे वेब, मोबाइल, सर्व्हर या अर्थाने, पायाखालची जमीन पक्की धरून चालता येतं. प्रोसेसर, मेमरी, कंपायलर यांच्यावर संशय घ्यायची वेळ क्वचित येते. डोकेदुखी असते ती पसाऱ्याची. दोघांनी एकाच क्षणी एकच सीट बुक केली. एक सेवा मंदावली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या ताटकळल्या. कधीच नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी कोडला हात लावायचाय आणि विचारायला कोणी नाही. तपास लॉगमधून, म्हणजे प्रोग्रामने लिहून ठेवलेल्या नोंदींमधून, चालतो, आणि चूक सापडली की दुरुस्ती बहुधा त्याच दिवशी सगळ्यांपर्यंत पोचते.

एम्बेडेडमध्ये ती जमीनसुद्धा संशयितांच्या यादीत असते. समजा, तापमानाचा सेन्सर आय-टू-सी या बसवर, म्हणजे चिप एकमेकींशी बोलतात त्या दोन सामाईक तारांवर, जोडलाय. तो उत्तरच देत नसेल तर आधी पत्ता बघायचा: डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) ७ बिटांचा दिलाय की वाचण्या-लिहिण्याचा बिट धरून ८ बिटांचा? इथे नवखे हमखास अडकतात. उत्तर येतंय, पण मधूनच भलतंच, तर काम वाढलं. तारेला वरच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारा पुल-अप रेझिस्टर गरजेपेक्षा मोठा असेल तर सिग्नल वर चढायला वेळ घेतो; १०० किलोहर्ट्झला ते खपून जातं, ४०० ला खपत नाही. शेजारची मोटर सुरू होताना पुरवठ्याचा व्होल्टेज क्षणभर खाली बसत असेल. चिपमध्येच दोष असेल. असे ज्ञात दोष उत्पादक ‘इराटा’ नावाच्या वेगळ्या कागदात छापतात आणि तो कागद फार थोडे लोक उघडतात. किंवा अर्थातच चूक कोडमध्ये असेल. यातलं कुठलं, हे नुसता कोड वाचून ठरत नाही. ऑसिलोस्कोपचा, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रोब तारेला लावावा लागतो.

कोडमधल्या चुकाही इथे वेगळं रूप घेतात. इंटरप्टमध्ये, म्हणजे हातातलं काम थांबवून मध्येच धावणाऱ्या कोडमध्ये, एक फ्लॅग बदलायचा आणि मुख्य लूपने त्याची वाट बघायची, इतकं साधं काम. त्या व्हेरिएबलपुढे ‘व्होलाटाइल’ (म्हणजे ‘दर वेळी मेमरीतून नव्याने वाच’) लिहायचं राहिलं, तर कंपायलर ते एकदाच वाचून किंमत प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमध्ये धरून ठेवू शकतो. ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड वेगवान करणं) बंद असताना सगळं छान चालतं, चालू केलं की लूप तिथेच फिरत राहतो. मुलाखतीत हा प्रश्न ठरलेला आहे, आणि व्याख्या सगळ्यांना पाठ असते. घोटाळा कसा दिसतो हे सांगणारे कमी.

मग जागेची मारामारी. अर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा ३२८पी या चिपला रॅम आहे २ किलोबाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे हा लेख त्या रॅममध्ये ठेवायला घेतला तर दोन परिच्छेदांच्या आसपासच जागा संपेल. आता बरेच प्रकल्प याहून कितीतरी मोठ्या चिपवर होतात हे खरं; पण एका बटन सेलवर वर्षानुवर्षं चालायचं उपकरण असेल, तर रॅमऐवजी वीज तुम्हाला जखडते. सीआर२०३२ सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. सरासरी १ मिलिअँपिअर ओढलात तर नऊ दिवसांत सेल संपला. सरासरी १० मायक्रोअँपिअरवर आणलीत तर हिशेब अडीच वर्षांवर जातो. या दोन आकड्यांमधला फरक जवळजवळ सगळा चिपला झोपवण्याच्या कौशल्याचा, आणि मला या कामातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. नवं काही दिसत नाही, डेमोत दाखवता येत नाही, फक्त मीटरवरचा आकडा खाली येतो.

काळाचं भानही वेगळं लागतं. ३२ बिटांच्या काउंटरने मिलिसेकंद मोजले तर तो ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ साठी आदेश काढला होता: वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर नियंत्रक युनिटांमधला एक काउंटर ओव्हरफ्लो होऊन विमानाचा एसी (प्रत्यावर्ती) वीजपुरवठा जाऊ शकतो, म्हणून त्याआधीच वीज बंद करून चालू करा. चिन्हासह ३२ बिटांत सेकंदाचे शंभरावे भाग मोजून पाहा, बरोबर २४८ दिवसांचा आकडा येतो. चाचणीसाठी एवढे दिवस कोण थांबणार? म्हणून शहाणी मंडळी काउंटरची सुरुवातच काठाजवळून करतात आणि मिनिटाभरात तो ओलांडताना काय होतं ते बघतात.

हे वाचताना हात शिवशिवले असतील तर तुम्ही एम्बेडेडचे. ‘एवढं सगळं एका सेन्सरसाठी?’ असं वाटलं असेल तर सॉफ्टवेअरला जा. त्यात कमीपणा काही नाही. पसारा सावरणं हीसुद्धा अव्वल दर्जाची बुद्धी आहे.

आता कौशल्यं. सॉफ्टवेअरवाल्यांना एकच सांगेन, फ्रेमवर्कच्या मागे धावण्याआधी एक डेटाबेस नीट शिका. इंडेक्स का लागतो, ट्रान्झॅक्शन काय सांभाळतं, दोन लिहिणारे एकत्र आले की काय होतं. डेटा स्ट्रक्चर्स मुलाखतीसाठी कराल ते कराच.

एम्बेडेडसाठी सी भाषा हवी, आणि ती पॉइंटर व बिट-क्रियांसकट. रस्ट ही भाषा येतेय, शिका, पण हाती पडणारा जुना कोड बहुधा सी मध्येच असेल. ओहमचा नियम, स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा) वाचणं आणि डिकपलिंग कपॅसिटर कशासाठी असतो एवढं इलेक्ट्रॉनिक्स कॉम्प्युटरवाल्यालाही मेहनतीने जमतं. ‘आमची ब्रँच वेगळी’ ही सबब मी धरत नाही. डेटाशीट वाचायची सवय मात्र वेळ घेते. हजार पानांचं रेफरन्स मॅन्युअल कोणी पहिल्यापासून वाचत नाही. टायमरचं प्रकरण काढायचं, ब्लॉक डायग्राम बघायचा, मग रजिस्टरं, म्हणजे ज्यांत बिट लिहून चिपचा तो भाग चालवायचा त्या जागा. आरटीओएस, म्हणजे वेळेचं बंधन पाळणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, त्यानंतर. लोक उलटं करतात: पहिल्याच महिन्यात फ्रीआरटीओएसमध्ये पाच टास्क, आणि स्टॅक (प्रत्येक टास्कची कामापुरती मेमरी) कुठे संपतो याचा पत्ता नाही.

पगाराचं विचारता, तर सॉफ्टवेअरमध्ये जागा जास्त आणि वरच्या टोकाचे पगारही जास्त, हे नाकारण्यात अर्थ नाही. एम्बेडेडमध्ये सुरुवातीची नोकरी मिळवणं कठीण जातं, घरून काम करण्याला बोर्ड आणि लॅब आडवे येतात. पण शिकलेलं लवकर शिळं होत नाही. गाड्यांच्या किंवा वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात शिरलात तर आयएसओ २६२६२ किंवा आयईसी ६२३०४ सारख्या मानकांचे कागद कोडइतकाच वेळ घेतात. हे आधी कोणी सांगत नाही आणि मग उत्साही मुलं वैतागतात. फर्मवेअरमधून सर्व्हरकडे गेलेले मी बरेच पाहिलेत, उलट आलेले कमी. ज्यांचं मन दोन्हीकडे ओढतं त्यांच्यासाठी एम्बेडेड लिनक्स ही मधली जागा आहे: ड्रायव्हर, डिव्हाइस ट्री (बोर्डवर काय काय आहे त्याचं वर्णन), योक्टो (आपल्या बोर्डपुरतं लिनक्स बांधायचं साधन), आणि वर नेहमीसारखं सॉफ्टवेअर.

तरीही ठरत नसेल तर दोन छोटी कामं करून बघा. एक, दोघांनी एकदम बुकिंग केलं तरी सीट एकालाच मिळेल अशी छोटी वेब सेवा, डेटाबेससह. दुसरं, आय-टू-सी सेन्सर, तयार लायब्ररी न घेता, फक्त डेटाशीट समोर ठेवून. तारांवरचे ०-१ टिपून दाखवणारा आठ चॅनेलचा साधा लॉजिक अ‍ॅनलायझर जवळ असू द्या. बोर्ड घेताना एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या न्यूक्लिओसारखा, डीबगर (चालता कोड थांबवून तपासायचं साधन) अंगावरच असलेला घ्या, म्हणजे ब्रेकपॉइंट लावून रजिस्टरं उघडून बघता येतील. प्रिंट टाकत बसलात तर प्रिंटला लागणाऱ्या वेळेमुळेच इंटरप्टचं गणित बदलतं आणि जी चूक शोधताय तीच गायब होते.