तुम्ही विचारलंत म्हणून: सगळेच ट्रान्झिस्टर रुंद का नाही काढत?

ट्रान्झिस्टरची विड्थ, म्हणजे त्यातल्या करंटच्या वाटेची (चॅनलची) रुंदी, वाढवली की करंट वाढतो, करंट वाढला की सर्किट जलद. मग सगळेच ट्रान्झिस्टर रुंद का नाही काढत? बडोद्यात व्हीएलएसआय (एका चिपवर असंख्य ट्रान्झिस्टर मांडण्याचा विषय) शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न दर सत्रात येतोच. परवा दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. "काकू, मधला इन्व्हर्टर 64 पट केला, तरी डिले कमी होईना!" (इन्व्हर्टर म्हणजे सिग्नल उलटा करणारं साधं सर्किट, डिले म्हणजे सिग्नल पुढे पोचायला लागणारा वेळ.)

करंट विड्थ भागिले लेंग्थच्या (चॅनलच्या लांबीच्या) प्रमाणात वाढतो, हे खरंच. पण विड्थबरोबर गेटचं, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या टोकाचं, कपॅसिटन्सही (विद्युतभार साठवायची क्षमता) वाढतं, आणि ते भरायचं काम मागच्या ट्रान्झिस्टरवर पडतं. लहेरीपुरा दरवाज्यातून जाताना मला हे हटकून आठवतं. वेस रुंद केली तर गर्दी झरझर जाईल, पण तिचं दारही जड होईल, आणि ते ढकलणारा माणूस तोच राहील.

त्याला कागदावर हिशेब मांडून दिला. एक लहान इन्व्हर्टर, पुढे त्याच्या गेटच्या 64 पट लोड, म्हणजे भरायचं कपॅसिटन्स. आपल्याएवढंच गेट हलवायला लागणारा वेळ 1 धरू. थेट जोडला तर डिले 64. याने मध्ये घातलेला 64 पट इन्व्हर्टर तो लोड 1 मध्ये हलवतो, पण त्याला हलवायलाच पहिल्याला 64 लागतात. एकूण 65! आता 1, 4, 16 अशी चढती साखळी लाव, म्हटलं. दर टप्प्याला 4, एकूण 12. (ड्रेनकडचं, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आउटपुटच्या टोकाचं, कपॅसिटन्स आणि सिग्नल उलटा होणं इथे बाजूला ठेवलंय.) तो बराच वेळ त्या 12 कडे बघत राहिला.

इन्व्हर्टरमधल्या दोन प्रकारच्या ट्रान्झिस्टरपैकी पीमॉस साधारण दुप्पट रुंद ठेवतात ते वेगळ्या कारणाने: त्यात करंट वाहून नेणारे होल्स (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा) इलेक्ट्रॉनांपेक्षा संथ चालतात.

लेंग्थचं मात्र निराळं आहे. ती कमी केली की करंट वाढतो आणि कपॅसिटन्सही घटतं. म्हणून डिजिटल सर्किटात ती बहुधा प्रोसेस (चिप बनवायचं तंत्र) देईल तेवढी किमान ठेवतात. 1971 च्या इंटेल 4004 या प्रोसेसर चिपची प्रोसेस 10 मायक्रॉनची होती. तिथून आजवरची धाव याच लोभाने झाली. पण फार आखूड चॅनलमध्ये इलेक्ट्रॉनांचा वेग एका मर्यादेला टेकतो, करंट सूत्राइतका वाढत नाही, आणि बंद ट्रान्झिस्टरमधूनही लीकेज, म्हणजे गळका करंट, वाहतं. जिथे घाई नाही तिथे लेंग्थ थोडी वाढवा, असं मी मुलांना आग्रहाने सांगते. बॅटरीवर चालणाऱ्या चिपमध्ये तर नक्कीच.

फिनफेटमध्ये, म्हणजे उभ्या पातळ पात्यांचं (फिनचं) चॅनल असलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये, विड्थही मनासारखी मिळत नाही. दोन फिन घ्या किंवा तीन. अडीच मिळत नाहीत.