सावली नसलेली माणसं

घरी फोन केला की बाबा हटकून विचारतात, "मँचेस्टरला राहतोस, मग गिरण्या पाहिल्यास की नाही?" त्यांचं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. आजोबा गिरणीत होते, घराचं घड्याळ म्हणजे भोंगा. इथल्या कितीतरी गिरण्यांचे आता महागडे फ्लॅट झालेत, हे त्यांना सांगायला जड जातं.

मग एका रविवारी ट्राम पकडून सॅलफर्ड कीजला गेलो. इथे पूर्वी बोटींची गोदी होती. ती १९८२ मध्ये बंद झाली. आमच्या घरात १९८२ म्हटलं की कुणीच पुढे बोलत नाही. त्याच जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. त्या जुन्या गोदीवर २००० साली 'द लाउरी' ही नाट्यगृहं आणि कलादालनं असलेली इमारत उभी राहिली. नाव एल. एस. लाउरी या चित्रकाराचं. जन्म १८८७, मृत्यू १९७६, आणि जवळजवळ सगळं आयुष्य याच परिसरात.

१९०९ मध्ये त्याच्या घरच्यांना पैशांच्या ओढाताणीमुळे चांगली वस्ती सोडून पेंडलबरी या गिरण्यांच्या भागात यावं लागलं. सुरुवातीला त्याला तो भाग मुळीच आवडला नव्हता. मग १९१६ च्या सुमारास एकदा त्याची गाडी चुकली. स्टेशनाबाहेर अ‍ॅक्मी गिरणी नुकतीच सुटली होती आणि फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडत होता. ते पाहत तो उभा राहिला. हे आजवर कुणी नीट रंगवलेलंच नाही, असं त्याच्या मनात आलं आणि पुढची कित्येक वर्षं तो तेच रंगवत राहिला.

पोटासाठी तो काय करत होता, हे कळल्यावर मला ही चित्रं खऱ्या अर्थाने दिसू लागली. १९१० पासून १९५२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो एका मालमत्ता कंपनीत नोकरीला होता. घरोघरी जाऊन भाडं गोळा करायचं, म्हणजे चाळीत मालकाचा मेहता यायचा, तसंच काम. रात्रशाळेत तो चित्रकला शिकला. तिथे आदोल्फ व्हॅलेट हा फ्रेंच चित्रकार त्याला शिकवायला होता. पुढे अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं उरकून ती झोपली की रात्री तो रंगवायला बसे. नोकरीबद्दल तो लोकांना कळू देत नसे, कारण फावल्या वेळचा हौशी चित्रकार म्हणून कुणी ओळखावं हे त्याला नको होतं. गल्ली, उंबरा, दारातली बाई, कोपऱ्यावरचं कुत्रं हे सगळं त्याने पायी फिरून पाहिलेलं होतं.

'कमिंग फ्रॉम द मिल' या १९३० च्या चित्रासमोर मी बराच वेळ उभा होतो. मागे धुरांडी, मध्ये गिरणी आणि पुढे सगळी माणसं किंचित पुढे वाकून चाललेली. लोक त्यांना काड्यापेटीतल्या काड्यांची माणसं म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येकाची चाल वेगळी आहे. दमलेला माणूस खांदे कसे टाकून चालतो, ते दोन-चार फटकाऱ्यांत उतरलंय. रंग अवघे पाच: काळा, शेंदरी, निळा, पिवळी माती आणि पांढरा. आकाश आणि रस्ता दोन्ही पांढरट. म्हणून तर ती छोटी काळी माणसं इतकी ठसठशीत उठून दिसतात. आणि एकाचीही सावली पडलेली नाही.

१९५३ चं 'गोइंग टू द मॅच', म्हणजे बोल्टनच्या फुटबॉल मैदानाकडे निघालेली गर्दी, २०२२ मध्ये 'द लाउरी'नेच लिलावात ७८ लाख पाउंडांना घेतलं, लोकांना ते पाहता यावं म्हणून. मला मात्र गिरणीचंच हवं होतं. त्याचं पोस्टकार्ड घेऊन बाबांना पाठवलं.

दोन आठवड्यांनी फोन आला. भिंग घेऊन पाहिलं म्हणाले. मग विचारलं, "पाळी कुठली सुटलीय रे ही? दिवसाची की रात्रीची?"

मी माझ्याकडचं दुसरं कार्ड काढून उजेडात धरलं. सावल्याच नाहीत, तर वेळ कशावरून सांगणार?

"दुपारची असेल," बाबा स्वतःच म्हणाले. "अण्णांची तीच असायची."