राखेची पुरचुंडी आणि कॅरमची पावडर

गच्चीवर काकडी, दोडका आणि जास्वंद लावू लागल्याला आता नऊ वर्षे होतील. विकतचे कीटकनाशक आणायचे नाही, असे पहिल्याच वर्षी ठरवले होते. त्यामुळे घरात जे जे होते ते झाडांवर पडत गेले, आणि खाण्याची वस्तू झाडाला काय अपाय करणार, या समजुतीपायी मी काही झाडे स्वतःच्या हाताने करपवलीही.

सर्वांत भरवशाची ठरली ती चुलीची राख. साताऱ्याजवळ मावशीच्या घरी अजून चूल पेटते. तिथून येताना मी डबाभर राख आणते आणि जुन्या चाळणीने चाळून ठेवते. काकडीची रोपे दोन-चार पानांवर असताना तांबडे भुंगेरे कोवळ्या पानांची जाळी करून टाकतात. तेवढे दिवस रोप तगले, की पुढे ते स्वतःला सांभाळते. सकाळी पानांवर दव असताना मलमलीच्या फडक्यात राख बांधून ती पुरचुंडी रोपावर हलकेच झटकली, की पानावर करडा पातळ थर बसतो आणि भुंगेऱ्यांना ते पान नकोसे होते. पाऊस आला की सगळे धुऊन जाते आणि पुन्हा झटकावे लागते. फुले लागल्यावर मात्र हा उद्योग थांबवावा, कारण मधमाशी फुलावर आली नाही तर काकडी धरत नाही.

राख निव्वळ लाकडाची हवी. रंगवलेल्या फळ्यांची किंवा प्लॅस्टिक जळालेली नको. शिवाय तिने मातीचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो. आपली काळी माती आधीच विम्लधर्मी, म्हणजे जास्त सामूची, त्यात कुंडीत मूठमूठ राख पडत राहिली, की मोगऱ्याच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, कारण मातीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही.

खाण्याचा सोडा किडींसाठी नव्हे, भुरीसाठी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीसाठी. १ लिटर पाण्यात सपाट १ चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम सोडा आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब एवढे पुरते. मी एकदा शिगोशीग चमचा घातला, तोही एप्रिलच्या दुपारी फवारला, आणि दुसऱ्या दिवशी दोडक्याच्या पानांच्या कडा कागदासारख्या कुरकुरीत झाल्या होत्या. तेव्हापासून आधी दोनच पानांवर फवारून मी एक दिवस वाट पाहते. सोड्यातले सोडियम कुंडीत साचते, म्हणून वारंवार फवारणेही बरे नव्हे.

हळदीची रेघ मुंग्यांना थोडा वेळ अडवते, ती ओली होईपर्यंत. लाल तिखट मी बंदच केले. गच्चीवरचा वारा ते आधी आपल्याच डोळ्यांत घालतो.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणावर तर कोणतीच पावडर चालली नाही. त्याच्या अंगावर मेणचट आवरण असते. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसून काढणे हाच उपाय. पण पुसूनही तो परत येई, कारण त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करत होत्या. बंदोबस्त करायला हवा होता तो मुंग्यांचा. त्यासाठी कॅरमवर टाकायची पावडर कामी आली, कारण आमच्या बाटलीवर बोरिक पावडर असे स्पष्ट छापलेले होते. १०० मिली साखरपाण्यात १ ग्रॅमच घालायची. जास्त घातली तर मुंगी वाटेतच मरते आणि वारुळापर्यंत काही पोहोचत नाही. हे पाणी कापसात भिजवून, बारीक भोके पाडलेल्या बंद डबीत ठेवून ती डबी मी कुंडीबाहेर मुंग्यांच्या वाटेवर ठेवली. मातीत ही पावडर मुळीच टाकू नये. बोरॉन जास्त झाले तर झाडच मरते, आणि मुलांच्या किंवा मांजराच्या पोटात गेली तर ते विषच आहे.

दोनेक आठवड्यांत मुंग्यांची रांग विरळ झाली, आणि मग पुसलेली फांदी पुसलेलीच राहिली. ती बाटली मात्र तांदळाच्या पिठासारखी दिसते, म्हणून लाल शाईने ‘खायचे नाही’ असे लिहून मी ती स्वयंपाकघरातून हलवून माळ्यावर ठेवली आहे. कॅरम खेळायचा म्हटले की आता मुलांना शिडी मागावी लागते.