खाडे

शनिवार, रात्र

आज आईने माझा प्रबंध वाचायला घेतला. मी दिला नव्हता. स्पायरल करून टेबलावर ठेवला होता, तो तिने मेथी निवडता निवडता उघडला. मी भांडुप स्टेशनवरून चालत घरी पोचले तेव्हा बाई बाविसाव्या पानावर होत्या.

"आजीच्या वळणदार अक्षरातली वही," तिने मोठ्यांदा वाचलं. "कोणाच्या अक्षरातली?"

"आजीच्या."

"माझ्या आईला सही येत नव्हती. अंगठा उठवायची. ती वही माझी आहे."

मी चपला काढायच्या थांबले. ती वही दीड वर्ष माझ्याकडे आहे. मी तिचे फोटो काढले, झेरॉक्स काढल्या, कव्हरवरच्या तेलाच्या डागावर अर्धं पान लिहिलं. अक्षर कोणाचं, हे विचारायचं राहिलं.

आमच्या अभ्यासक्रमात शेवटच्या सत्राला सर्जनशील लेखन सादर करता येतं आणि जोडीला पंचवीस पानांचं टिपण लागतं. आम्ही अकराजण आहोत. विषयांची यादी लागली तेव्हा मॅडम हसल्या होत्या: सातजणांची आजी, दोघांचं गाव, एकाचं प्रेम आणि एकाचं 'ओळखीचं विघटन', म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक. "आजी लिहायला बरी पडते," मॅडम म्हणाल्या, "ती वाचायला येत नाही." तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसले होते.

माझी आजी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत खाणावळ चालवायची. खोली दहा बाय सोळा. एका चाळीत अशा ऐंशी खोल्या, मजल्यावर वीस, संडास मजल्याच्या टोकाला. चौदा-पंधरा गिरणीवाले जेवायला. सगळे गाळ्यात राहणारे, पाळीपाळीने झोपणारे, बायकापोरं गावी ठेवून आलेले. मी हे फार रंगवून लिहिलं होतं. दर रविवारी मटणाचा वास जिन्यापर्यंत, वगैरे. आईने त्या ओळीखाली बोट धरलं. "मटण पगाराला. रविवारी बांगडा, तो पण असला तर."

मग तिने मला वही वाचायला शिकवली. माझ्याच प्रबंधाचा आधार असलेली वही!

डावीकडे नाव, पुढे तारखांचे रकाने. जेवला तर बारीक रेघ, नाही जेवला तर 'खा'. खा म्हणजे खाडा. मी ते 'खाल्लं' असं वाचत होते, म्हणजे नेमकं उलटं. महिन्याच्या शेवटी खाडे वजा करून पैसे. नावांमध्ये तीन पांडुरंग होते, म्हणून प्रत्येकापुढे गाव: पांडुरंग चिपळूण, पांडुरंग आजरा, पांडुरंग कणकवली. हाक मारतानाही 'ए आजरा' अशीच. आजऱ्याला भाकरी लागायची, कणकवलीला भाताशिवाय घास उतरायचा नाही, त्यावरून पंगतीत रोज चिडवाचिडवी.

मी 'अस्मिता' या शब्दावर चार पानं खर्च केलीत. 'ए आजरा' त्यात नाही.

मुंबईत नव्या माणसाला नाव विचारून झालं की 'गाव कुठलं?' विचारतातच. मी सावंतवाडीकडचं सांगते. आयुष्यातले सगळे दिवस धरले तर मी तिथे पाचेक महिने राहिले असेन. शिवाय ते आईचं माहेर, रीतीप्रमाणे बाबांचं गाव सांगायला हवं. नाही सांगत. चौथं प्रकरण बाबांचं आहे, आठ पानांचं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

तर वही. जानेवारी १९८२ चं पान मी आधीही खूपदा पाहिलं होतं. १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माझ्या प्रबंधात हे सगळं आहे, भोंगे बंद पडल्यावरची शांतता धरून. (भोंग्यांची शांतता प्रत्येकाच्याच प्रबंधात असते.) पण फेब्रुवारीच्या रकान्यांतून एक नवं अक्षर येतं, 'गा'. आधी दोन-तीन ओळींत, मार्चमध्ये निम्म्या पानावर. मला वाटलं होतं, गाळ्यात जेवला.

"गावी गेला," आई म्हणाली. "खाडा लिहिला असता तर महिनाअखेर वजा करावा लागला असता. आणि हा परत येणार की नाही ते माहीत नव्हतं. मग मीच गा काढलं. मी दहा वर्षांची होते."

काही जण गावी न जाता उधारीवर जेवत राहिले. सावकाराचं व्याज भरून खाणावळी चालवणाऱ्या बायांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते मी टिपणात घातलंय. आजी त्यांच्या सभेला एकदा जाऊन आली होती, हे मात्र आज कळलं. मुलगी बरोबर नेली होती. कागद वाचायला.

सगळ्यात वाईट ठिकाण अजून यायचं होतं. तिसऱ्या प्रकरणात मी पांडुरंग आजरा आणि आजी यांच्यात काहीतरी असल्याचं सुचवलंय. वहीत त्याच्या नावापुढे १४० रुपये बाकी आहे आणि ती कधीच खोडलेली नाही, एवढ्या पुराव्यावर. ताटात जास्तीची भाकरी, न बोलता, वगैरे. मॅडमना ते प्रकरण आवडलं होतं.

आई ओरडेल असं वाटलं. तिने पान उलटलं, परत मागे आली.

"लिही. गोष्टच आहे ना. पण त्याची बायको होती गावाला. तिची पत्रं मीच वाचून दाखवायचे. तिलाही लिहिता येत नव्हतं, मास्तरांकडून लिहून घ्यायची. भात कापला, म्हैस व्याली, आत्याबाईंचे पाय सुजलेत. शेवटी 'तुम्ही कधी येता' असायचं. ते तो मला दोनदा वाचायला लावायचा. मला कंटाळा यायचा. कार्टून नव्हती तेव्हा, पण खाली खेळायला जायचं असायचं."

"मग तो गेला?"

"गा आहे ना पुढे."

मेथी निवडून झाली होती. ती उठली.

बुधवार

टिपण पहिल्यापासून लिहायला घेतलंय. जुनं टिपण अमेरिकेतल्या आयोवापासून सुरू व्हायचं: तिथल्या विद्यापीठाने १९२२ साली कथा-कवितांना प्रबंध म्हणून मान्यता दिली, १९३६ साली लेखनाची कार्यशाळा सुरू झाली, १९७० साली इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लियाने तशी पदवी काढली. मॅडमनी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आयोवाला कोणत्या लोकलने गेलीस?' तेव्हा लागलं होतं. आज कलिनाच्या कँटीनमध्ये चहा पिताना लक्षात आलं की तिकडे हा ठराव झाला त्याच सुमारास इकडे बीडीडीच्या चाळी उठत होत्या. एवढी एक ओळ ठेवलीय, बाकी आयोवा काढून टाकलं.

मामाकडे गेले होते. चाळ पाडल्यावर ते भाड्याने राहतायत, पाचशे फुटांच्या नव्या घराची वाट बघत. त्यांना विचारलं, वही कोण लिहायचं? "ताई. आणि कोण?" असं म्हणाले, जणू मी पंखा कोण लावतं ते विचारलं.

तिसरं प्रकरण काढू की ठेवू, ठरत नाही. आजीचं प्रेम मी रचलं. पत्र वाचणारी मुलगी रचलेली नाही, पण ती माझ्या हातात आली की तिलाही मी वळणदार करून टाकीन, याची भीती वाटते. सध्या फक्त 'ए आजरा' घातलाय, आणि अक्षराची चूक दुरुस्त केलीय. सादर करायला नऊ दिवस आहेत.

रात्री घरी आले तर टेबलावर प्रत मिटलेली. आईने पेनाने खुणा केल्या होत्या. पानाच्या वरच्या कोपऱ्यात, वाचलं तिथे बारीक रेघ. पहिल्यापासून तिसाव्या पानापर्यंत रेघा. एकतीसपासून अडतीसपर्यंत प्रत्येक पानावर 'खा'. एकोणचाळीसपासून पुन्हा रेघा, अगदी शेवटच्या पानापर्यंत.

ती झोपली होती. मी पंखा एकने कमी केला.