सरकार बंद म्हणजे नक्की काय बंद?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सुट्टीवर कराडला आलो की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. लग्नाच्या पंगतीत विचारतात, परवा तर कटिंगच्या दुकानात गळ्याशी वस्तरा असताना विचारला: "अमेरिकेत सरकार बंद पडतं म्हणजे नक्की काय होतं हो? आणि बंद पडल्यावर तुम्ही राहता कसे?"

आपल्याकडे बंद पुकारतात ते विरोधक. सरकारनं स्वतःच शटर ओढून घेतलंय, हे मीही न्यू जर्सीला जाईपर्यंत पाहिलं नव्हतं.

२०२५ च्या खेपेला, म्हणजे १ ऑक्टोबर २०२५ ला, पहिला फोन मामांचा. मामा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेत. ३१ मार्चच्या रात्री बारापर्यंत बिलं काढण्यात उभी हयात गेली, त्यामुळे त्यांना यात व्यावसायिक रस.

"बजेट पास झालं नाही ना? मग तात्पुरत्या खर्चापुरतं लेखानुदान घ्यायचं!"

"तेही पास झालं नाही, मामा."

"मग सरकार पडलं?"

"नाही. सरकार आहे. फक्त बंद आहे."

फोनवर बराच वेळ शांतता. आपल्याकडे पैशाचं विधेयक लोकसभेत पडलं की सरकार जातं. तिथे राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी पक्का, संसदेचा हिशेब वेगळा. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, १०० जण, तेव्हा सत्ताधाऱ्यांचे ५३, पण खर्चाचं विधेयक पुढे सरकवायला लागतात ६०. उरलेली मतं विरोधकांकडून आणायची, आणि विरोधक म्हणत होते की आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची जी सवलत डिसेंबरअखेर संपतेय ती आधी वाढवा. झालं, दोघेही रुसून बसले.

गंमत म्हणजे हे पूर्वापार चालत आलेलं नाही. मंजुरीशिवाय खर्च करू नये हा कायदा एकोणिसाव्या शतकातला, पण मंजुरी लांबली तरी कचेऱ्या आपल्या चालू असायच्या. १९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या ॲटर्नी जनरलनं, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलानं, कायदा नीट वाचला आणि मत दिलं की पैसे मंजूर नसतील तर काम थांबवलंच पाहिजे. कायदा नीट वाचणारा माणूस कचेरीत किती घातक असतो, हे मामांना वेगळं सांगावं लागलं नाही.

तर बंद म्हणजे काय बंद? वॉशिंग्टनचं राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय बंद. पांडांना बांबू वेळेवर मिळत होता, पण लोकांना घरबसल्या पांडा दाखवणारा कॅमेरा बंद. काही खात्यांचं कामकाज बंद, पण त्यांच्या वेबसाइटवर "हे सगळं विरोधकांमुळे" असं सांगणारी पाटी ठळकपणे चालू. आणि ऐन दिवाळीच्या दिवसांत व्हाइट हाऊसची पूर्वेकडची अख्खी इमारत पाडायचं काम जोरात चालू, कारण तिथे मेजवान्यांसाठी भव्य दालन व्हायचंय आणि त्याचे पैसे देणगीदार देणार. लोक दिवाळीत रंग काढतात, यांनी भिंती काढल्या. मामांचा प्रश्न एकच: "टेंडर निघालं होतं का?"

माणसांची विभागणी मात्र फार रंजक. काही कर्मचारी अत्यावश्यक ठरतात, काही नाहीत. अत्यावश्यक ठरलात तर पगाराशिवाय कामावर यायचं, नाही ठरलात तर पगाराशिवाय घरी बसायचं. घरी बसण्याला तिकडे फर्लो म्हणतात. हा शब्द मला येरवड्याच्या बातम्यांमधूनच माहीत होता, आपल्याकडे तो कैद्याच्या संचित रजेसाठी वापरतात. २०१९ पासून कायदा असा की बंद उठल्यावर दोघांनाही मागचा पूर्ण पगार मिळतो. म्हणजे ज्यानं दीड महिना राबून काम केलं आणि ज्यानं दीड महिना अंगणातली पानं गोळा केली, शेवटी दोघांच्या खात्यात सारखेच जमा. आणि ज्यांच्यामुळे हे सगळं झालं, त्या खासदारांचा पगार एक दिवसही थांबत नाही. वर्षाला १ लाख ७४ हजार डॉलर. आकडा कायद्यातला, पण खासदारांना पगार द्यायचा हे थेट राज्यघटनेतच आहे.

आमचा शेजारी अत्यावश्यकांपैकी. विमानतळावर बॅगा तपासतो. पहाटे चारला त्याची गाडी निघायची ती मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. ऑक्टोबरच्या शेवटी तीच गाडी रात्रीही निघायला लागली, मागच्या काचेवर उबरचा दिवा. दिवसा सरकारची फुकट चाकरी, रात्री प्रवाशांची विकत. त्याच्या अंगणात गेल्या निवडणुकीची पाटी वर्षभर रोवलेली होती. कुणाची ते सांगत नाही, उगाच तुम्ही त्याच्यावर हसाल किंवा रडाल. एका सकाळी ती पाटी दिसेनाशी झाली. जमिनीत दोन भोकं तेवढी राहिली.

बायकोनं दिवाळीच्या उरलेल्या चिवड्याचा डबा भरला आणि मला पिटाळलं. मी दारात उभा. त्याला वाटलं मी काहीतरी विकायला आलोय.

आपल्या लोकांचं दुखणं वेगळं. भाचा नोकरी बदलत होता. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जाआधी ज्या खात्याचा कागद लागतो, ते खातं ऑक्टोबरभर बंद. नवा मालक म्हणे कागद येऊ दे, जुना म्हणे ठरव काय ते. सप्टेंबरात नव्या अर्जावर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा ऐकून तो तीन रात्री झोपला नव्हता. नंतर खुलासा झाला की हे त्याला लागू नाही. त्या आनंदात आठवडा गेला, तोवर सरकारच बंद.

नोव्हेंबर उजाडला, तेव्हा हवाई वाहतूक नियंत्रक बिनपगारी थकले आणि ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायचा हुकूम निघाला. माझं शिकागोचं विमान त्यात गेलं. तक्रार कुणाकडे करणार? फोन उचलणारी बाई माझ्यापेक्षा जास्त वैतागलेली होती.

१२ नोव्हेंबरला रात्री खर्चाच्या विधेयकावर सही झाली. ४३ दिवस, तोवरचा सर्वात लांब बंद. ज्या सवलतीसाठी हे रामायण घडलं तिचं काय? डिसेंबरात मतदान घेऊ, एवढं आश्वासन मिळालं. मतदान झालं, सवलत पडली. योगायोग असा की त्याच १२ नोव्हेंबरला फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. एक सेंटचं नाणं पाडायला साडेतीन सेंटच्या वर खर्च यायचा, म्हणून कायमचं बंद. बंद करायचं तर ते असं, हिशेब करून. आता सुट्ट्या पैशांऐवजी वाणी हातावर गोळी कधी ठेवतो याची मी वाट पाहतोय.

आणि बरं का, बहुतेक खात्यांची ती मंजुरीही ३० जानेवारीपर्यंतच होती. मामा म्हणाले, "म्हणजे बजेट नाही, तारीख मिळाली." कोर्टाच्या खेपा त्यांनीही मारल्यात.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आसपास शेजारी डबा परत द्यायला आला. मागचा पगार जमा झाला होता. डबा रिकामा देऊ नये हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे, आत भोपळ्याचा केक होता. जाता जाता पायरीवर थबकला आणि जरा अवघडून म्हणाला, "तो तिखट प्रकार पुन्हा कधी करता? जानेवारीच्या शेवटी जमलं तर बघा."