तासाला 77 पेन्स

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर आईला फ्रीझरमधली मेथी दाखवली. ती म्हणाली, "बाई गं, एवढं सगळं घरचं! मग तुमचा भाजीचा खर्च बंदच झाला असेल." कॅमेऱ्याच्या बाहेर बसलेल्या नवऱ्याला हसू आवरेना. हिशेबाची वही त्याच्याकडे असते ना.

आम्ही यॉर्कशरमध्ये राहतो आणि दोन वर्षांपासून आमच्याकडे एक अलॉटमेंट आहे. म्हणजे नगरपालिकेच्या जागेतला भाजीचा तुकडा, वर्षाच्या भाड्यानं. पूर्ण प्लॉट 10 रॉडचा, साधारण 250 चौरस मीटर. रॉड हे इथलं जुनं माप, ते अजून याच कामापुरतं जिवंत आहे. तीन वर्षं यादीत थांबून आम्हाला अर्धा मिळाला. लोकांनी मागणी केली तर नगरपालिकेनं जागा द्यावी, असं 1908 चा कायदा सांगतो. 1922 च्या कायद्यानुसार माल मुख्यतः स्वतःच्या घरासाठीच पिकवायचा, धंदा करायचा नाही. 1950 पासून कोंबड्या आणि ससेही पाळता येतात. आमच्या बाजूला कोणी पाळत नाही, कोल्हे फार.

धंदा नाही, ही अट मला आधी बिनमहत्त्वाची वाटली होती. पैशाचं सगळं गणित तिथेच अडतं, हे जुलैत कळलं.

पहिल्या वर्षी, 2024 ला, खर्च झाला 377 पाऊंड. त्यात भाडं 62, जुनी कुदळ, फावडं आणि माती खणायचा काटा मिळून 45, कंपोस्टची पोती 78, जाळ्या आणि काठ्या 34, बियाणं 38. उरलेले 120 एका प्लॅस्टिकच्या बोगद्याचे, म्हणजे रोपं उबेत ठेवायच्या तंबूचे. त्यात टोमॅटो लावणार होतो. तो डिसेंबरच्या वादळात कुंपणापलीकडे गेला आणि परत आणण्यासारखा राहिला नाही. म्हणजे बियाणं स्वस्त, सामानच महाग. त्यात भाजीच्या बियाण्यावर इथे व्हॅट शून्य, कंपोस्टच्या पोत्यावर मात्र 20 टक्के.

आता जमेची बाजू. आलेली प्रत्येक गोष्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून नवरा तिच्यासमोर सुपरमार्केटचा भाव लिहायचा, तोही सगळ्यात स्वस्त दुकानातला. सेंद्रिय मालाचा भाव लावून "वाचले की एवढे!" म्हणणारे बरेच भेटतात, पण ते आधी सेंद्रिय घेत होते का, हे विचारलं की विषय बदलतात. तर त्या हिशेबानं 290 पाऊंडांची भाजी आली. मी खुश. नवऱ्यानं शेजारी दुसरा रकाना आखला: 'एरवी घेतलंच असतं का?'

या रकान्यानं माझा घात केला. कोर्जेट नावाचं भोपळ्याच्या कुळातलं फळ आहे, तीन झाडं लावली होती. जुलैच्या एका आठवड्यात चौदा आली. एरवी मी दोन आणली असती, मग उरलेल्या बाराची किंमत शून्य. विकता येत नाहीत. शेजाऱ्यांना द्यावीत तर तेही पिशवी घेऊन आपल्याच दाराशी उभे. थालीपीठ, कोशिंबीर, भजी झाली, शेवटी मुलगी म्हणाली, "आई, आज फक्त वरणभात." दुसऱ्या रकान्याची बेरीज 160. म्हणजे पहिल्या वर्षी 217 पाऊंड तोटा.

2024 चा वसंत ओला होता. गोगलगाई, त्याही बिनशंखाच्या, एका रात्रीत फरसबीचा अख्खा वाफा खाऊन गेल्या. बटाट्यावर करपा आला. शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा (इथे त्यांना नावानंच हाक मारायची असते, मला अजून जमत नाही) म्हणाले, "पाला आजच कापा, नाहीतर खालचेही जातील." कापला. नऊ किलो वाचले.

2025 ला आम्ही शहाणे झालो. खर्च 130: भाडं 62, बियाणं 24, कंपोस्ट 26, किरकोळ 18. त्या वर्षीचा इथला उन्हाळा नोंदींतला सगळ्यात उष्ण. जुलैत यॉर्कशरमध्ये नळीनं पाणी घालायला बंदी आली आणि आम्ही झाऱ्या वाहिल्या. तरी 210 पाऊंडांची भाजी आली, तीही दुसऱ्या रकान्यात बसणारी. फायदा 80 पाऊंड.

तो कशातून आला ते सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे. बटाटे आणि कांदे यांतून नाही. बियाण्याच्या 24 पैकी 13 पाऊंड बटाट्याच्या बेण्याचे, आणि निघालेले 18 किलो बटाटे दुकानात साधारण 15 पाऊंडांना मिळाले असते. फायदा झाला मेथीतून. डब्यातले मेथीदाणे, वेगळं बियाणंही नाही. एप्रिलपासून दर तीन आठवड्यांनी मूठभर पेरायचे आणि कोवळी असतानाच उपटायची. दुकानातली जुडी महाग, शिवाय प्रवासानं अर्धी पिवळी पडलेली. कोथिंबिरीनं मात्र दगा दिला: जूनमध्ये दिवस एवढे लांब की हातभर होण्याआधीच ती फुलोऱ्यावर येते. ऑगस्टच्या अखेरीस पेरली तर बरी चालते. राहिल्या रासबेरी. त्या आधीच्या माणसानं लावून ठेवलेल्या, आमचा खर्च काहीच नाही. मुलांनी किती खाल्ल्या हे तोलता आलं नाही, कारण त्या काट्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत.

वेळेचा हिशेब मी मागितला नव्हता, नवऱ्यानं तो स्वतःहून काढला. 26 आठवडे, आठवड्याला चार तास, म्हणजे 104 तास. 80 भागिले 104: तासाला 77 पेन्स. इथलं किमान वेतन एप्रिल 2025 पासून तासाला 12 पाऊंड 21 पेन्स होतं. मी म्हटलं, "रविवारी सकाळी मला एवढे कोण देणार होतं?" तो म्हणाला, "कोणी नाही. पण मग तो रकाना रिकामा ठेवायचा का?" शेवटी ठेवलाच.

दोन वर्षं मिळून आम्ही अजून 137 पाऊंडांनी खड्ड्यात आहोत. बोगदा पुन्हा घ्यायचा नाही, कोर्जेट एकच झाड, आणि बटाटे अजिबात नाहीत, असं ठरलं आहे.

काल त्यानंच अंड्यांच्या ट्रेमध्ये बटाट्याचं बेणं मोड यायला खिडकीत ठेवलं. मी वही उघडून पाहिली: 6 पाऊंड 50 पेन्स, स्वतःच्या हातानं लिहिलेले.