भुयारातला धूर जायचा कुठे? तुम्ही विचारलंत म्हणून

लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे ही जगातली पहिली भुयारी शहरी रेल्वे. १० जानेवारी १८६३ रोजी ती लोकांसाठी सुरू झाली आणि ती वाफेच्या इंजिनांवर धावत होती, एवढं सांगितलं की मला पुढचा प्रश्न येतोच: मग धूर जायचा कुठे? मुंबईच्या भुयारी मेट्रोत गारेगार प्रवास करून आलेले तर हटकून विचारतात.

खरं सांगायचं तर बराचसा धूर कुठेच जायचा नाही. तो भुयारातच राहायचा आणि माणसांच्या छातीत जायचा. हे बेचाळीस वर्षं चाललं.

बेत तसा नव्हता. कंपनीचे इंजिनिअर जॉन फाउलर यांना बिनधुराचं इंजिन हवं होतं. इंजिनात खास विटा तापवून ठेवायच्या आणि भुयारात त्यांच्या उष्णतेवर वाफ धरून ठेवायची, अशी त्यांची कल्पना. १८६१ साली तसं इंजिन बांधून चालवून पाहिलं, पण वाफ टिकेना. 'फाउलरचं भूत' हे नाव तेवढं मागे राहिलं. इकडे काम तर जोरात चाललेलं. रस्ता उकरून खोल चर खणायचा, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती, वर कमान, त्यावर पुन्हा माती आणि रस्ता. पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन, पावणेचार मैल. जून १८६२ मध्ये फ्लीट नावाचं मोठं गटार फुटून कामात पाणी शिरलं, तरी कंपनी थांबली नाही.

मग तडजोड झाली. एरवी सिलिंडरमधून सुटणारी वाफ चिमणीतून वर जाते आणि जाताना आगीला हवा ओढून देते. इथे भुयारात शिरलं की ड्रायव्हर ती वाफ चिमणीऐवजी मोठ्या नळातून बाजूच्या पाण्याच्या टाक्यांत वळवायचा. थंड पाण्यात वाफ विरायची, म्हणजे निदान वाफेचे ढग तरी टळायचे. पण आगीचा ओढा कमी व्हायचा, टाकीतलं पाणी तापायचं, आणि जळणातून निघणारा विषारी वायू होता तसाच राहायचा. सुरुवातीला कोक, म्हणजे भाजलेला कोळसा जाळत, पुढे कमी धुराचा वेल्सचा कोळसा आला. १८६४ पासून कंपनीने बेयर-पीकॉक या कारखान्याकडून स्वतःची इंजिनं घेतली. त्यांवर छप्परसुद्धा नव्हतं. ड्रायव्हर आणि फायरमन त्या धुरात उघड्यावर उभे.

आपल्या बोरघाटातूनही त्याच १८६३ साली वाफेच्या गाड्या बोगद्यांतून जाऊ लागल्या. पण घाटात गाडी बोगद्यातून बाहेर पडते आणि मोकळी हवा मिळते. लंडनमध्ये स्टेशनंच जमिनीखाली, आणि एक गाडी जाते न जाते तोच मागून दुसरी.

म्हणून जिथे जमेल तिथे मार्ग उघडा ठेवावा लागे. बेजवॉटरमधल्या लीन्स्टर गार्डन्स या रस्त्यावर ऐटबाज पांढऱ्या घरांची रांग आहे. त्यातली २३ आणि २४ नंबरची घरं म्हणजे नुसती दर्शनी भिंत. खांब आहेत, सज्जे आहेत, दारं आहेत, पण खिडक्यांना काचा नाहीत; काचेच्या जागी राखाडी रंग. मागच्या रस्त्याने गेलात की भिंतीला दिलेले टेकू आणि खाली रूळ दिसतात. १८६८ चा फाटा बांधताना तिथली घरं पाडली, आणि रांगेची शोभा जाऊ नये म्हणून ही भिंत उभारली. श्रीमंत वस्तीसाठी एवढी काळजी! फॅरिंग्डनकडे गरिबांची घरं पाडली, तेव्हा भाडेकरूंना भरपाईही मिळाली नाही. हे मला फार लागतं, कारण या रेल्वेसाठी वर्षानुवर्षं झगडलेले वकील चार्ल्स पिअर्सन यांना कष्टकऱ्यांनाच गर्दीबाहेर मोकळ्या हवेत राहता यावं असं वाटत होतं. उद्घाटनाच्या काही महिने आधी, सप्टेंबर १८६२ मध्ये ते गेले. १८६४ पासून कामगारांसाठी पहाटे साडेपाचच्या सुमाराला स्वस्त गाड्या निघू लागल्या, येण्याजाण्याचे मिळून तीन पेन्स.

तरी लोक बसले? बसले. पहिल्या वर्षात सुमारे ९५ लाख प्रवासी झाले. वर घोडागाड्यांच्या गर्दीत अडकून वेळ घालवण्यापेक्षा त्यांनी खालचा धूर पत्करला. प्रवासी निदान थोड्या वेळात वर येत. हमाल, ड्रायव्हर, फायरमन दिवसभर खालीच. त्यांची आठवण न काढता या रेल्वेचं कौतुक करणं मला जमत नाही.

१८९७ साली सरकारने या हवेची चौकशी करायला समिती नेमली. तोवर १८९० पासून लंडनमध्येच दुसऱ्या एका कंपनीची खोल भुयारी रेल्वे विजेवर धावत होती, म्हणजे उपाय डोळ्यांसमोर होता. तरीही कुठली विद्युतपद्धत घ्यायची यावर मेट्रोपॉलिटन आणि तिची भागीदार डिस्ट्रिक्ट कंपनी भांडत राहिल्या आणि प्रकरण लवादाकडे गेलं. शेवटी १९०५ मध्ये शहराखाली विजेच्या गाड्या आल्या.

लंडनला गेलात तर कॉव्हेंट गार्डनच्या ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये १८६६ चं २३ नंबरचं इंजिन उभं आहे. सिलिंडरकडून टाकीकडे जाणारा तो जाड नळ नक्की बघा.